दुसरी कवळी

बाबांच्या घरात दोन कवळ्या निघाल्या आणि त्यातली एक माझी नव्हती. माझी म्हणजे मी बनवलेली. माझे स्वतःचे दात अजून शाबूत आहेत. मी दातांच्या लॅबमध्ये कामाला आहे. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, त्यावरून आम्ही प्लास्टरचा साचा ओततो, मेणात दात बसवतो, ते शिजवतो, घासतो आणि डबीत भरून परत पाठवतो. तीस वर्षांत किती तोंडांना दात पुरवले याची गणती नाही, पण त्यातल्या एकालाही मी कधी हसताना पाहिलेलं नाही. आम्हाला माणूस दिसत नाही, साचा दिसतो. अपवाद फक्त बाबांचा. त्यांची कवळी अकरा वर्षांपूर्वी मी स्वतः केली होती, माप घेण्यापासून घासण्यापर्यंत, आणि एकच केली होती. तेव्हा एका माणसाच्या घरात, तो माणूस गेल्यावर, दोन कवळ्या निघतात म्हणजे काय, हे समजायला मला फार डोकं लागलं नाही. पण समजूनही मी बराच वेळ हत्यारांच्या कपाटापुढे उकिडवा बसून राहिलो.

बाबांना जाऊन अठरा दिवस झाले होते. झोपेत गेले. दुपारपर्यंत खिडकी उघडली नाही म्हणून खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मला फोन केला. घर भाड्याचं. मालकाला महिनाअखेरीस किल्ली हवी. ताई दुसऱ्या टोकाच्या शहरात राहते. ती येऊन, रडून, चार दिवस राहून, आईच्या दोन साड्या आणि फोटोंचा अल्बम घेऊन परत गेली होती, आणि उरलेलं सगळं 'तू बघ' या दोन शब्दांत माझ्या गळ्यात पडलं होतं. आज सकाळी घर रिकामं करून देणारा माणूस येऊन गेला. हात पाठीमागे बांधून तो दोन्ही खोल्यांतून फिरला, एकही दार उघडलं नाही, पलंगाखाली मात्र वाकून पाहिलं, आणि म्हणाला, "दोन फेऱ्यांत होईल साहेब. आमची एकच पद्धत. जे ठेवायचं त्यावर खडूने खूण करा. खूण नाही ते सगळं उद्या नऊच्या ठोक्याला खाली." खडूचा तुकडा त्याने शर्टाच्या खिशातून काढून दिला. मी म्हटलं, लोक साधारण किती ठेवतात? तो म्हणाला, "पहिल्या तासात सगळं ठेवतात. संध्याकाळपर्यंत काहीच नाही." त्याने हे इतक्या सहज सांगितलं की मला त्याचा रागच आला. मी काही लोकांसारखा नाही, असं मनात म्हणत मी लगेच भिंतीवरच्या घड्याळावर एक खूण केली, आणि ते घड्याळ चार वर्षांपासून बंद आहे हे मला खूण करून झाल्यावर आठवलं.

हत्यारांचं कपाट ठेवावं की नाही ते बघायला म्हणून मी ते उघडलं. बाबा कारखान्यात फिटर होते, पस्तीस वर्षं. कपाटात प्रत्येक हत्याराला जागा होती आणि प्रत्येक जागेत हत्यार होतं. मोठ्या कानशी एका खणात, बारीक कानशी दुसऱ्यात, लहानमोठ्या, चढत्या क्रमाने. बारीक कानशींच्या खणात, मागे, तेलकट फडक्यात गुंडाळलेली एक डबी होती. आत माझी कवळी. वरच्या कवळीच्या आत, टाळूच्या बाजूला मी एक लहानसा त्रिकोण कोरतो, ती माझी खूण, ती होती. मला वाटलं, अरे, बाबांचे दात इथे काय करताहेत? कारण बाबांचे दात तर बेसिनवरच्या काचेच्या पेल्यात होते. पेल्यातलं पाणी आटून गेलं होतं. मी अठरा दिवस त्या पेल्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होतो. मी उठून गेलो, पेल्यातली कवळी काढली, पालथी केली. त्रिकोण नव्हता.

स्वयंपाकघराच्या खिडकीशी उजेड चांगला असतो. तिथे टेबलावर फडकं पसरून मी दोन्ही जोड शेजारी शेजारी ठेवले, आणि माझ्यातला लॅबवाला जागा झाला. मुलगा कुठे गेला कुणास ठाऊक. समोरून दोन्ही सारख्याच. रंग तोच, दातांचा आकार तोच, इतकंच काय, वरचा डावा सुळा दोन्हींत किंचित आत वळलेला. तो मी मुद्दाम वळवला होता, बाबांचा मूळचा तसा होता म्हणून. कुणीतरी माझ्या कामाची नक्कल केली होती. पण हिरडीचं काम दुसऱ्या हाताचं होतं, माझ्यापेक्षा बारीक. मी गावातल्या सगळ्या लॅब एकेक करून आठवल्या. हा त्या लंगड्याचा हात नव्हे, तो हिरड्या सुजल्यासारख्या करतो. हा त्या दोघा भावांचाही नव्हे. काम चांगलं होतं. हे मान्य करायला मला बराच वेळ लागला. आणि मग मी दाढा पाहिल्या. या दुसऱ्या कवळीच्या दाढा पार सपाट झाल्या होत्या, चघळून चघळून, वर्षानुवर्षं. माझ्या कवळीच्या दाढांचे उंचवटे मात्र मी कोरले तसे अजून उभे होते. दात खोटं बोलत नाहीत असं मी लॅबमधल्या नव्या मुलींना शिकवतो. माझ्या कवळीने बाबांनी अकरा वर्षांत काही खाल्लं नव्हतं. मला अपमान झाल्यासारखं वाटलं, तोंडावर कुणी थुंकावं तसं, आणि त्याच वेळी हेही कळत होतं की गेलेल्या माणसाने आपला अपमान केला म्हणून फुरंगटून बसणारा मी पंचावन्न वर्षांचा बाप्या आहे.

तेवढ्यात ताईचा फोन आला. किती झालं, विचारायला. मी म्हटलं, "ताई, बाबांनी दुसरी कवळी करून घेतली होती, तुला माहीत होतं?" ती म्हणाली, "कवळी? टाकून दे रे बाबा. ती काय ठेवायची वस्तू आहे?" मी म्हटलं, "तसं नव्हे. माझी टाकून दुसरी केली."  ती म्हणाली, "तुझं लहानपणापासून असंच आहे. तुझं नि माझं. तुझा पाट, माझा पाट." मी म्हटलं, "त्यांना खाताना त्रास व्हायचा का? तुला काही बोलले कधी?" "छे. माझ्याशी तर तासतासभर बोलायचे फोनवर. त्रास असता तर बोलले असते का एवढं?" फोन ठेवल्यावर तिचं ते वाक्य कानात राहिलं. फोनवर. माझ्याशीही बोलायचे, फोनवर. समोर बसलो की नाही.

आई गेली त्या वर्षी बाबांचे उरलेसुरले दात पडले. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणाले, "घरात सुतार असताना बाहेरून खुर्ची कशाला आणायची?" आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या धंद्याचं चांगल्या अर्थाने नाव काढलं होतं. मी कारखान्यात लागावं अशी त्यांची इच्छा होती. मी दातांत शिरलो ते त्यांना कधी पटलं नाही. दहा वर्षं ते ओळखीच्यांना सांगायचे, "आमचा मुलगा ना? लोकांना दात दाखवतो." आता ते स्वतः म्हणत होते, तू कर. खरं तर माप घेणं हे माझं काम नव्हे, ते डॉक्टरचं काम. पण माझ्या उत्साहाला ऊत आला. एका रविवारी सगळं सामान पिशवीत घालून आलो आणि याच टेबलाशी, याच खिडकीपाशी त्यांना बसवलं, गळ्यात टॉवेल बांधला. त्यांच्या तोंडात बोट घालताना मला कळलं की मी त्यांना कित्येक वर्षांत हातसुद्धा लावलेला नाही. तोंड आतून गरम होतं, मऊ, लहान मुलासारखं. हा माणूस मला कानशीने लोखंड समपातळीत आणायला शिकवायचा, आणि एका केसाएवढा फरक राहिला तरी "बसत नाही" म्हणून तुकडा परत माझ्या हातात द्यायचा. चित्र काढलं तरी बसत नाही, अक्षर काढलं तरी बसत नाही, बायको केली ती तर मुळीच बसत नाही म्हणाले, आणि दुर्दैवाने तेवढं खरं निघालं.

मापानंतर चाव्याची नोंद घ्यायची असते. दोन जबड्यांच्या मध्ये मेण ठेवून माणसाला तोंड मिटायला सांगायचं. आता, दात नसलेल्या माणसाला 'चावा' म्हटलं की तो खालचा जबडा पुढे काढतो. सगळेच काढतात. म्हणून जाणता डॉक्टर 'चावा' म्हणतच नाही. जीभ टाळूला मागे लावा, हळूहळू मिटा, असं म्हणतो, आणि तीनतीनदा करून बघतो. हे मला पाठ आहे. ज्या डॉक्टरांकडून चुकीचे चावे येतात त्यांच्यावर लॅबमध्ये मीच तोंडसुख घेतो. आणि त्या दिवशी मी बाबांना म्हटलं, "चावा." कारण मला उरकायचं होतं. माप घ्यायला तोंडात भरतात त्या लगद्याने घशाला उबळ येते, त्याने डोळ्यांत पाणी येतं, हे रोजचं आहे. पण आई गेली तेव्हाही मी त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं, आणि आता ते पाणी भरल्या डोळ्यांनी, तोंड उघडं टाकून, एकटक माझ्याकडे बघत होते. मला ते सोसेना. मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, चावा, आणि ते चावले. पुढे तीन आठवडे रात्रीचा दिवस करून मी त्या चुकीवर माझं आजवरचं सगळ्यात सुबक काम उभं केलं. कवळी घालून त्यांनी तोंड दोनदा उघडलं, मिटलं. मी श्वास रोखून उभा. ते म्हणाले, "बसते." आणखी काही नाही, पण मी त्या एका शब्दावर कितीतरी दिवस हवेत होतो. चूक झाली आहे हे आज, या क्षणी, दोन्ही कवळ्या मिटवून बघताना मला कळलं. दुसरीचा खालचा जबडा माझ्या कवळीपेक्षा चांगला गव्हाच्या दाण्याएवढा मागे होता.

नंतर मी दर रविवारी यायचो. येताना भाजी, पाव, फळं आणायचो, सूप करायचो, अंडी उकडायचो. बाबा दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. "भूक नाही." मी विचारायचो, चव नाही का? "चव आहे." मग बोला काहीतरी. "काय बोलू?" ओठ घट्ट मिटून खिडकीत बसायचे, हाताची बोटं गुडघ्यावर वाजवत, आणि मध्येच मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचे. मला वाटायचं, मी कधी जातो याची वाट बघताहेत. आणि घरी पोचल्यावर पोचलो म्हणून फोन केला की हाच माणूस घडाघडा बोलायचा. कारखान्यातल्या गमती, खालच्या बाईंचं मांजर, पेपरातली भांडणं. मला हसायला लावायचा. मी निष्कर्ष काढला, त्यात माझं काय चुकलं? बाबांना मी समोर नको, फोनवर बरा. मग दर रविवारचं महिन्यावर आणलं. गेल्या वर्षी तेही सोडलं, भांडण-तंटा काही नाही, उलट त्यांच्या सोयीसाठीच सोडलं असं मी स्वतःला सांगितलं. रविवारी अकरा वाजता फोन करायचो. अर्धा अर्धा तास बोलायचो आम्ही. "ये एकदा," ते कधीकधी शेवटी म्हणायचे. मी म्हणायचो, येतो ना. मला वाटायचं, म्हणायचं म्हणून म्हणताहेत.

माझी कवळी मी परत उलटी केली. खालच्या कवळीच्या आतल्या बाजूला, गुलाबी भागावर निळे डाग होते. आधी मला ती बुरशी वाटली. मग ओळखलं. दोन लोखंडी तुकडे कुठे अडतात ते बघायला फिटर एकाला निळा रंग लावतो, दुसऱ्यावर दाबतो, आणि जिथे रंग उमटतो तिथे कानस मारतो. बाबांनी हिरडीला रंग लावून जागा शोधल्या होत्या. स्वतःच्या तोंडात, आरशासमोर, एकटे उभे राहून. आणि जिथे रंग उमटला तिथे बारीक कानशीने घासलं होतं, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, फार नेटकं, एका दिशेने. लोखंडाला हे चालतं. चावा चुकलेल्या कवळीला चालत नाही, कारण जिथे टोचतं तिथे दोष नसतोच. दोष चाव्यात असतो, आणि घासावं तेवढी ती आणखी हलते, आणखी टोचते. अख्खं आयुष्य बरोबर ठरलेली पद्धत या एका ठिकाणी चुकीची होती आणि ते त्यांना सांगू शकेल असा एकच माणूस त्यांच्यासमोर बसून सूप ढवळत होता. मग ही टाकली का नाही? दुसरी मिळाल्यावर ही का जपून ठेवली, का घासत राहिले? घासलेल्या काही जागा जुन्या, पिवळट होत्या. काही ताज्या होत्या. मला आता एवढंच जाणून घ्यायचं होतं: बाबांनी माझं काम टाकून दिलं की नाही, आणि कामाबरोबर मलाही. ते कळल्याशिवाय त्या घरात एका वस्तूवर खूण करायचा मला धीर होईना.

बेसिनखाली दुसऱ्या कवळीची डबी सापडली, तिच्यावर दवाखान्याचा पत्ता होता. दोन गल्ल्या सोडून, वह्या-पेनांच्या दुकानाच्या वर. मी दोन्ही जोड खिशात घालून गेलो. डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या, चष्मा कपाळावर ठेवलेल्या. बाहेर तीन पेशंट होते. बाबांचं नाव सांगून ते गेल्याचं सांगितलं तेव्हा त्या हातमोजे काढून खुर्चीवर बसल्या. "आजोबा गेले?" मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "तुम्ही ते लॅबवाले."

"त्यांनी सांगितलं होतं?"

"पहिल्याच दिवशी. कवळी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, हुबेहूब अशीच दुसरी करा, फक्त दुखणार नाही अशी. मी म्हटलं, हा सुळा सरळ करू या. तर नको. मुलाने मुद्दाम तसा ठेवलाय म्हणाले."

मी म्हटलं, "बाई, मला सांगायचं होतं. पुन्हा चावा घेऊन मी नवी करून दिली असती." माझा आवाज चढला होता. त्यांनी तो चढू दिला.

"मीही तेच म्हटलं. मुलाला सांगा, त्याचंच तर काम आहे. म्हणाले, आयुष्यभर त्याला बसत नाही, बसत नाही म्हणत आलो. एकदा बसते म्हणालो तर केवढा फुलला होता. आता कुठे मागे घेऊ?"

मी खिशातल्या डबीवर हात ठेवून उभा होतो. बाहेर कुणीतरी खोकलं. "पण मग माझ्यासमोर तुमची घालायची," मी म्हटलं. "सारखीच तर दिसते."

"छे. म्हणायचे, तो घरात शिरला की आधी माझे दात बघतो, मग मला. लगेच ओळखेल." त्या किंचित हसल्या, मग हसू आवरलं. "तुम्ही येणार असलात की तुमची घालून बसायचे. तुम्ही गेलात की काढायचे. आणि सोमवारी इथे. खालची हिरडी, डावी बाजू, ठरलेली जखम. मी मलम लावताना म्हणायचे, काल मुलगा आलेला दिसतोय. 'हो,' म्हणायचे, 'चांगला तीन तास होता.' तोंड सोललेलं आणि माणूस खुशीत."

मला बसावंसं वाटलं, पण तिथे एकच खुर्ची रिकामी होती आणि ती पेशंटची होती. मी तिच्यावर बसलो. वरचा दिवा बंद होता. डॉक्टरबाई टेबलावरच्या वस्तू उगाच सरळ करत होत्या, सांगावं की नाही असं त्यांचं चाललं होतं ते मला दिसत होतं.

"दोन महिन्यांपूर्वी आले होते," त्या म्हणाल्या. "काही दुखत नव्हतं. नुसतं बघा म्हणाले. मी बघितलं. हिरडी अगदी स्वच्छ. मी आपली कौतुकाने म्हटलं, आजोबा, वा, वर्षभरात एक ओरखडासुद्धा नाही. तर उठेचनात. पुन्हा तोंड उघडलं आणि म्हणाले, 'नीट बघा ना. असेल कुठेतरी.'"

बाहेरच्या पेशंटने दार ढकलून आत डोकावलं आणि परत लावून घेतलं. डॉक्टरबाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

"तुम्ही परगावी होतात का वर्षभर?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "इथेच. एक बस पकडली की चाळीस मिनिटं लागतात."